नीट हलवलेलं रक्त

रंगाच्या दुकानात ज्याची हयात गेली तो माणूस दवाखान्यात आला की रोग्याकडे नंतर बघतो, आधी भिंतीकडे बघतो. थिनरचं तेच झालं. दादाला अतिदक्षता विभागात नेलं, जाडजूड दार बंद झालं, वहिनी बाकावर मटकन बसल्या, आणि हा पठ्ठ्या समोरच्या भिंतीवर नख घासत उभा. नखाबरोबर रंगाचा पापुद्राच निघून आला.

"अस्तर न देता मारलाय," तो म्हणाला. "चोर आहेत लेकाचे."

"अरे, तुझा भाऊ आत मरायला टेकलाय!" वहिनी म्हणाल्या.

"म्हणून तर," थिनर म्हणाला. त्या बंद दाराकडे त्याला बघवत नव्हतं, म्हणून तो भिंतीकडे बघत होता. वहिनींना ते कळलं आणि त्यांनी त्याला बाजूला बसवून घेतलं.

थिनर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगाने किडकिडीत, कपड्यांना बारा महिने रंग पातळ करायच्या थिनरचा वास, आणि कुणाचंही भांडण दिसलं की मध्ये पडून ते पातळ करून टाकायची खोड. शाळेत कुणीतरी हे नाव ठेवलं आणि घरच्यांनीही उचललं. आईवडील लवकर गेले. दादा वयाने बराच मोठा, त्यानेच याला वाढवलं, शिकवायची खटपट केली, आणि ती पाण्यात गेल्यावर दुकानात उभं केलं.

आणि दुकानात उभं करताना पहिला धडा दिला तो हलवण्याचा. रंग तळाशी बसतो. वर नुसतं तेल, खाली नुसता चिखल. न हलवता डबा दिला तर गिऱ्हाइकाची अर्धी भिंत फिकी, अर्धी भडक, आणि शिव्या कुणाला? आपल्याला. तेव्हा कुठलीही वस्तू असो, हलवल्याशिवाय हाताबाहेर सोडायची नाही. थिनरने जन्मात भावाचा मार एकदाच खाल्ला, तो एक डबा तसाच देऊन टाकला म्हणून. त्यानंतर त्याला कधी सांगावं लागलं नाही. उलट आवरावं लागलं. घरात औषधाची बाटली, तेलाची बाटली, शाईची बाटली, सगळं हलवूनच पुढे व्हायचं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याने त्यांना पाण्याची बाटलीसुद्धा हलवून दिली होती. एकदा पाहुण्यांसाठी सोडा आणला आणि थिनरने तो मोठ्या आदराने हलवून दिला, तेव्हा छताला जो डाग पडला तो पुढे रंगाचे दोन हात मारूनही गेला नाही.

आता हा दादा पडला कसा, तेही सांगायला हवं. दुकानात एक बाई आल्या होत्या. त्यांना पांढरा हवा होता. दादाने दुधाळ दाखवला, मोतिया दाखवला, साईचा दाखवला. बाईंचं आपलं एकच, "हा जरा जास्तच पांढरा वाटतो." शेवटी दादा वरच्या फळीवरचा हस्तिदंती काढायला शिडीच्या टोकावर चढला, शिडी सरकली, आणि तो डोक्यावर आपटला. बाई म्हणाल्या, "राहू द्या, मी नंतर येते." आणि गेल्यासुद्धा!

मेंदूच्या डॉक्टरबाई बुटक्या होत्या, भराभर चालायच्या, आणि बोलताना कोटाच्या खिशातून बिस्किटाचे तुकडे काढून खायच्या. जेवायला वेळ मिळत नसावा. त्यांनी वहिनींना आणि थिनरला समोर बसवून सगळं उलगडून सांगितलं.

"डोक्याला जबर मार आहे. आत रक्त साकळलं होतं, ते काढलंय. आता ते जागे होणार का, आणि झाले तर कितपत, हे मी आज सांगू शकत नाही. पण रक्त तपासून अंदाज बांधता येतो. मेंदूतल्या पेशी फुटल्या की त्यांच्या आतली प्रथिनं रक्तात झिरपतात. ती दिवसेंदिवस कमी होत गेली तर बरं. वाढत गेली तर समजायचं, आत पडझड चालूच आहे."

"भिंतीतली ओल बाहेरच्या पोपड्यांवरून कळते तसं," थिनर म्हणाला.

डॉक्टरबाईंनी तुकडा तोंडात धरूनच विचार केला. "चालेल. तसंच समजा. आम्ही अशी दोन प्रथिनं बघतो. दोन साक्षीदार असलेले बरे. एकाच्या जबानीवर मी कुणाला फाशी देत नाही."

इथवर सगळं ठीक होतं. घोळ पुढे झाला.

दवाखान्याच्या मुख्य इमारतीत रंगकाम चाललं होतं. तेच ते, अस्तर न देता. धुळीने यंत्रं बिघडतात म्हणून रक्ततपासणीची खोली रस्त्यापलीकडच्या इमारतीत हलवली होती, आणि रक्ताच्या नळ्या नेऊन द्यायचं काम नातेवाइकांवर आलं होतं. सिस्टरने दादाच्या हातातून रक्त काढलं, नळी जरा वेळ ट्रेमध्ये ठेवली, आणि मग पिशवीत घालून थिनरच्या हातात दिली.

"समोर नेऊन द्या. लगेच. आणि सांभाळून हं!"

थिनरने पिशवी उजेडात धरून पाहिली. खाली गडद आणि दाट, वर पातळ आणि पिवळसर. बसलं होतं! अक्षरशः तळाशी बसलं होतं! सिस्टर बिचाऱ्या शिकलेल्या असतील, पण त्यांना कुणी दुकानात उभं केलं नव्हतं. थिनरने जिना उतरता उतरता नळी हलवायला सुरुवात केली. रस्त्यावर गाड्या थांबेपर्यंत उभं राहावं लागलं, तेव्हा दोन्ही हातांनी हलवली. पलीकडच्या खिडकीत पोचेपर्यंत रक्त असं एकजीव झालं होतं की दादाने पाठ थोपटली असती. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता नळी घेतली.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. पहिला साक्षीदार म्हणत होता, नुकसान बेताचं आहे. दुसऱ्याचा आकडा मात्र बराच चढा होता.

"उद्या पुन्हा बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिला साक्षीदार आणखी खाली आला. दुसरा आणखी वर चढला. डॉक्टरबाईंच्या खिशातली बिस्किटं संपली तरी त्या खिसा चाचपत राहिल्या.

"असं क्वचित होतं. दोघांचं पटत नाहीये. उद्याचा नमुना महत्त्वाचा आहे. तुम्हाला अंधारात ठेवत नाही. दुसरा आकडा असाच चढत राहिला, तर ते जागे होण्याची आशा फार थोडी. डोळ्यांच्या तपासणीतही मला हवं तसं उत्तर मिळत नाहीये. मग आपल्याला बसून ठरवावं लागेल. श्वासासाठी गळ्याला भोक पाडून महिनोन्महिने यंत्रावर ठेवायचं, की यंत्र काढून त्यांना शांतपणे जाऊ द्यायचं."

वहिनींनी पदराचं टोक हातात घेतलं आणि ते पिळत बसल्या.

बोलल्या त्या आत्या. आत्या म्हणजे दादा-थिनरच्या वडिलांची बहीण. पहिल्या दिवसापासून बाकावर ठाण मांडून होत्या आणि जगातल्या प्रत्येक दुखण्याचा त्यांच्या नात्यात एक तरी नमुना होताच. "माझ्या नणंदेच्या दिराचं असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "पुढे तो दोन वर्षं नुसता पडून होता. फार गुणी होता हो. आपला दादासुद्धा किती गुणी होता!"

"आत्या, आहे म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"अगं, तेच म्हणतेय मी. होताच तो गुणी."

थिनरचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. आकडा चढतो कशाने? उघड आहे. खिडकीतला माणूस नळीतलं थेंबभर काढून तपासत असणार. ते थेंबभर तळाचं निघालं तर दाट निघणार, आकडा भडक येणार. म्हणजे रक्त नीट हललेलं नाही. आणि आज लिफ्टमध्ये गर्दी होती, कोपर लागेल म्हणून आपणच हात आखडता घेतला होता. दादा आत जीवन-मरणाच्या दारात पडलाय आणि आपण एवढंसं काम धड करत नाही! थिनरला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने चहासुद्धा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरने नळी दिली. थिनर ती घेऊन खाली उतरला, रस्ता ओलांडला, आणि तपासणीच्या खिडकीकडे न जाता सरळ पुढच्या गल्लीत वळला. तिथे त्यांचं दुकान होतं. शटर अर्धं वर करून तो वाकून आत शिरला.

दुकानाच्या मागच्या भागात दादाचं लाडकं यंत्र होतं. त्यात रंगाचा डबा घट्ट आवळून बसवायचा आणि बटण दाबायचं, की ते डब्याला असं काही झोडपून काढतं की शेजारच्या दुकानातली बरणी फळीवरून चालू लागते. थिनरने एक रिकामा डबा घेतला, आत चिंध्या भरल्या, चिंध्यांमध्ये नळी अलगद ठेवली. तान्ह्या बाळाला ठेवतात तशी ठेवली हो! झाकण लावलं, डबा आवळला, डोळे मिटून म्हणाला, "दादा, आज कसर नाही राहणार," आणि बटण दाबलं.

घट्ट बसलेल्या जुन्या रंगाला जेवढा वेळ देतात तेवढा पुरेपूर वेळ त्याने दिला.

दुपारी सगळे काय ते ठरवायला दवाखान्याच्या बैठकीच्या खोलीत जमले. खोली लहान, मध्ये गोल टेबल, त्यावर पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. वहिनी मांडीवर एक कापडी पिशवी धरून बसल्या होत्या. चेहरा असा होता की आत्यासुद्धा गप्प. थिनर पहिल्यांदाच जरा सुखात होता. आपल्या परीने जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं झालं होतं.

डॉक्टरबाई आल्या त्या कानाला फोन लावूनच.

"काय म्हणता? ... पुन्हा सांगा. ... डाळिंबाच्या रसासारखं? ... नाही, ओरडू नका, मी ऐकतेय. ... रक्त नाही तर दुसरं काय देणार आम्ही तुम्हाला?"

त्यांनी फोन ठेवला, खुर्ची ओढली आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"नळी कोण नेऊन देतं?"

"मी," थिनर म्हणाला. आवाजात जरा अभिमानच होता.

"कशी नेता?"

"नीट हलवून."

डॉक्टरबाईंनी टेबलावरची पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली. "दाखवा."

सांगितलेल्या कामात थिनर कधी कुचराई करत नाही. तो उठला, पाय रोवले, बाटली दोन्ही हातांत धरली आणि सुरू झाला. वर, खाली, आडवी, मग मनगटाला एक झटका देऊन उलटी. झटक्याचं कसब दादाचं होतं, दुकानात ते दोघांनाच यायचं. चौथ्या झटक्याला टोपण उडालं आणि आत्या नखशिखान्त भिजल्या.

"मेल्या!" आत्या ओरडल्या.

"थांबा," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "तिन्ही दिवस असंच?"

"पहिले दोन दिवस. आज मशीनवर."

"कुठल्या मशीनवर?"

थिनरने सांगितलं. अगदी चिंध्यांसकट सांगितलं. सांगता सांगता त्याच्या लक्षात येऊ लागलं की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसत नाहीये. त्याचा आवाज बारीक होत गेला.

डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्या हसतायत की रडतायत ते कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी समजावून सांगितलं. ते दुसरं प्रथिन मेंदूच्या पेशींत असतं हे खरं, पण ते रक्तातल्या तांबड्या पेशींतही असतं. रक्त जोराने हलवलं की त्या नाजूक पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं सगळं बाहेर सांडतं. आकडा चढतो. जितकं जास्त हलवाल तितका जास्त चढतो.

"तीन दिवस मला वाटत होतं की मी तुमच्या भावाचा मेंदू मोजतेय," त्या म्हणाल्या. "मी तुमचे दंड मोजत होते!"

थिनरने विचारलं, "आणि तो पहिला साक्षीदार?"

"तो तांबड्या पेशींत नसतो. तो बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता. चूक माझीही आहे. दोघांचं पटत नाही म्हटल्यावर मीच विचारायला हवं होतं की नळी कशी येते. ते मी विचारलं नाही. उठा आता, नवीन रक्त काढते. मी स्वतः नेणार."

आणि मग जी वरात निघाली ती त्या दवाखान्याने पुन्हा पाहिली नसेल. सगळ्यांत पुढे डॉक्टरबाई. जन्मभर भराभर चाललेली बाई आता नळी छातीशी धरून नव्या नवरीसारखी एकेक पाऊल टाकतेय. त्यांच्या मागे थिनर, दोन्ही हात खिशात, कारण वहिनींनी दरडावून सांगितलं होतं, "हात बाहेर काढलेस तर याद राख." मागे ओलीचिंब आत्या. रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा आत्या पुढे झाल्या, दोन्ही हात पसरून गाड्यांसमोर उभ्या राहिल्या आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "हळू! रक्त चाललंय!" एका गाडीवाल्याने घाबरून इंजिनच बंद केलं.

खिडकीतल्या माणसाने या वेळी मान वर केली. नळीकडे पाहिलं, डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग थिनरच्या खिशांकडे पाहिलं. आणि नळी अलगद घेतली.

आकडा आला तो खाली होता. पहिल्या दिवसाच्याही पुष्कळ खाली. दोन्ही साक्षीदारांचं एकदाचं जमलं.

"ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सगळं चांगलं होईल असं मी म्हणत नाहीये. रक्त तेवढं सांगत नाही. ते चालतील का, बोलतील का, तुम्हाला ओळखतील का, यातलं मला काही माहीत नाही. पण आशा सोडा असं सांगायला आता माझ्याकडे कारण उरलेलं नाही. आपण थांबू."

आत्यांनी डॉक्टरबाईंना मिठी मारून त्यांनाही ओलं केलं. थिनर आनंदाने वहिनींकडे वळला, तर वहिनी जागेवर नव्हत्या.

त्या जिन्यात सापडल्या. पायरीवर बसल्या होत्या, कापडी पिशवी मांडीवर तशीच. थिनर दोन पायऱ्या खाली बसला.

"वहिनी, आकडा उतरला. ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग? मला मारा हवं तर. मारा, पण बोला."

वहिनींनी पिशवीची गाठ सोडून त्याला आत दाखवलं. दादाचा निळा सदरा होता. इस्त्री केलेला, नीट घडी घातलेला.

"जाताना अंगावर घालायला आणला होता," वहिनी म्हणाल्या. "मी आज सकाळी ठरवून आले होते. काढा यंत्र, असं सांगायचं. त्यांना असं लोळत पडणं आवडलं नसतं. ते स्वतःच म्हणायचे कधीतरी. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी उठून सदऱ्याला इस्त्री केली. डॉक्टरबाईंचा फोन एवढासा उशिरा वाजला असता ना थिनर, तर मी हो म्हणून मोकळी झाले असते."

आजवर थिनरने शेकडो भांडणं पातळ केली होती. पण इथे भांडणच नव्हतं, आणि जे होतं ते कशानेच पातळ होण्यासारखं नव्हतं.

"ते माझ्यामुळे," तो म्हणाला. "आकडा मी चढवला."

"आकडा तुझा. ते 'हो' माझं." त्यांनी पिशवी परत बांधली. "मला आता त्यांच्या तोंडाकडे बघायची भीती वाटते रे."

थिनर रडला. चांगला हुंदके देऊन रडला. वहिनींनाच मग त्याची समजूत काढावी लागली, आणि त्या नादात त्यांचे डोळेही वाहिले. वरून एक सफाईवाला बादली घेऊन उतरत होता. तो दोघांना बघून जिन्याच्या वळणावरच थांबला आणि तिथूनच परत फिरला.

पुढचे दिवस कासवाच्या गतीने गेले. दादाच्या गळ्याला भोक पाडलं. मग एके दिवशी सिस्टरने त्याचा अंगठा दाबला तर त्याने हात ओढून घेतला. मग डोळे उघडले, पण नजर लागेना. मग लागली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "मी कोण?" तर ओठ हलवून म्हणाला, "गिऱ्हाईक." आत्यांना त्याने सिस्टर म्हटलं आणि आत्या दोन दिवस त्याच्याशी अबोला धरून बसल्या. त्याला वहिनींचं नाव आठवलं तेव्हा वहिनी तोंडात पदर कोंबून बाहेर पळाल्या. थिनरला तर त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं, पण बोलणं फार जड झालं होतं. गळ्यातली नळी निघाली, भोक बुजलं, तरी एकेका शब्दासाठी तो विहिरीतून पोहरा ओढावा तसा दम लावायचा. दोन शब्द आले की थांबायचा. डॉक्टरबाई म्हणायच्या, शब्द आहेत, सलग यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाहीत.

वहिनी त्याला भरवत होत्या, पुसत होत्या, उजवा हात चोळून देत होत्या. पण त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. नवरा शुद्धीवर आला आणि बायको गेली कुठे, असं थिनरला वाटायचं. ज्या घरात सकाळ भांडणाने उजाडायची तिथे आता ही बाई नुसतं "हो" आणि "बरं" करत होती.

एके सकाळी वहिनींनी थिनरला खोलीच्या दाराशी अडवलं. "आज सांगून टाकते. तू बाहेर थांब."

"मीही येतो. माझाही वाटा आहे."

"तुझा वाटा मी सांगेन. थांब म्हटलं ना!"

थिनर बाहेर थांबला, पण दार किलकिलं राहिलं होतं आणि त्याने ते लावून घेतलं नाही. आतून वहिनींचा आवाज येत होता. त्यांनी सगळं सांगितलं. नळी सांगितली, मशीन सांगितलं, डॉक्टरबाईंचं बोलणं सांगितलं. निळ्या सदऱ्यापाशी आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत.

"मी हो म्हणणार होते," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असायला हवं. आता काय म्हणायचं ते म्हणा."

थिनरने दाराच्या फटीला कान लावला.

"तुझ्या... जागी..." दादाचा आवाज आला. मग थांबला. "मी... असतो... तर..."

"बोला. मी ऐकतेय."

"पहिल्याच... रिपोर्टला... हो... म्हटलं असतं."

मग शांतता. ती थिनरच्या ओळखीची होती. घरात ती नेहमी भांडं आपटण्याच्या जरा आधी पडायची.

"पहिल्याच?" वहिनी म्हणाल्या.

"हं."

"अहो, पहिल्याच? दुसऱ्याची वाटसुद्धा बघितली नसतीत?"

"रिपोर्ट... वाईट... होता."

"वाईट होता! मी इथे तीन दिवस अन्नाचा कण न घेता बसले, रात्रभर कुढले, तुमच्यासाठी सदऱ्याला इस्त्री केली, आणि तुम्ही? तुम्ही संध्याकाळच्या आत मोकळे! डॉक्टरबाईंना म्हणाला असतात, घ्या काढून, मला दुकान उघडायचंय!"

"तसं... नाही... गं..."

"कसं नाही? तसंच आहे! लग्नात माळ घालायलासुद्धा अशीच घाई केली होतीत तुम्ही! आणि मी मेली लाजेने अर्धी होऊन तुमच्यापुढे..."

आवाज ऐकून सिस्टर धावत आली. "अहो, काय चाललंय? पेशंटला असा त्रास द्यायचा नसतो!" ती दार ढकलणार तोच थिनर आडवा आला. उभ्या आयुष्यात त्याने पहिल्यांदाच एखादं भांडण पातळ करायला नकार दिला. त्याने दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"सिस्टर, हात जोडतो. जरा वेळ जाऊ नका."

आणि तेवढ्यात आतून दादा गरजला. आवाज घोगरा होता, पण मध्ये एकही अडखळ नव्हती.

"तू आधी माझं नीट ऐकून घेशील का!"

डोक्यावर पडल्यापासून दादाच्या तोंडून निघालेलं ते पहिलं सलग वाक्य. सिस्टरचा हात दारावरच राहिला. थिनरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

आत वहिनींनी अर्थातच ऐकून घेतलं नाही.